डेकवर नवं फिटिंग बसवलं आणि होडी गळायला लागली: तपासणी कुठून सुरू करायची

इंदूरला समुद्र नाही, पण शिडाच्या होड्या बाळगणारी माणसं आहेत. होडी अंगणात ट्रेलरवर ताडपत्रीखाली ठेवायची, सुट्टीला गाडीमागे लावून भोपाळच्या बड्या तलावावर न्यायची आणि रात्रीपर्यंत परत आणायची. होडीचा कारागीर इथे हाकेच्या अंतरावर नाही, त्यामुळे नवं क्लीट (दोर अडकवून धरणारी खुंटी), नवी कप्पी, दोर वळवायची कडी असलं सगळं जो तो घरीच बसवतो. काही दिवसांनी फोन येतो, "काका, बसवलं तेव्हा पक्कं होतं, सिलिकॉनसुद्धा भरपूर लावलं होतं, तरी आत पाणी येतंय." हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरला आहे की होडी बघण्याआधीच काय विचारायचं ते ठरलेलं असतं. तेच इथे क्रमाने लिहितो. आधी फुकटातले तपास, मग थोड्या खर्चाचे, आणि फिटिंग उचकटायचं काम शेवटी.

सगळं लिखाण फायबरच्या लहान होड्यांबद्दल आहे. एंटरप्राइझ वर्गाची 4.04 मीटरची, दोघांनी चालवायची होडी डोळ्यांसमोर ठेवा. तिच्यात बाजूला आणि पुढे हवाबंद टाक्या असतात आणि होडी उलटली तर त्याच तिला तरंगत ठेवतात. म्हणून डेकमधून टाकीत होणारी गळती नुसती कटकट नसते. लाकडी होडीचा हिशोब वेगळा असतो, तो इथे नाही.

लक्षणं

किनाऱ्यावर आल्यावर हवाबंद टाकीचं बूच काढलं की पाणी येतं, आणि होडी तर दिवसभरात एकदाही उलटलेली नसते. सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. चमचा-दोन चमचे आलं तर घाबरू नका. थंडीच्या दिवसांत होडी गार पाण्यात उतरवली की टाकीतली हवा गार होते आणि आतून दव धरतं. तांब्याभर आलं तर मात्र ती गळतीच.

फिटिंग हाताने धरून हलवलं की किंचित डुगडुगतं, किंवा वाऱ्याचा झोत आला की त्याच्याखालून कुटकुट आवाज येतो. फिटिंगच्या कडेने जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या मध्यापासून बाहेर फाकलेल्या दिसतात. आतल्या बाजूला बोल्टखाली कोऱ्या चहाच्या रंगाचा ओघळ असतो. फिटिंगजवळ पाय ठेवला की डेक दबतं. आणि ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही असं लक्षण म्हणजे वजन. दोघं मिळून जी होडी ट्रेलरवर चढवत होते तिला आता तिसरा लागतो.

यातलं एखादं दिसलं तरी पुढचं वाचा. डेक दबत असेल आणि होडी जडही झाली असेल तर मधलं सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा

सीलंट फक्त फट भरतं. फिटिंग हलत असेल तर जगातलं कुठलंही सीलंट तिथे टिकणार नाही. झोत आला की दोर ताणला जातो, कप्पी ओढली जाते, डेक लवतं आणि बोल्ट भोकातल्या भोकात अर्धा मिलिमीटर कलतो. असं दिवसातून शेकडो वेळा होतं. सीलंट एका बाजूने सुटतं आणि तिथे जी फट पडते ती इतकी अरुंद असते की तिला पाणी ओतावं लागत नाही, ती स्वतःच ओढून घेते. आत गेलेलं पाणी उन्हाने वाळत नाही, कारण वर फिटिंग असतं आणि खाली नट. म्हणून पुढच्या प्रत्येक तपासात एकच प्रश्न विचारायचा आहे: हे हलतंय का, आणि का हलतंय?

बाहेरून कडेकडेने सिलिकॉन फासल्याने दोन नुकसानं होतात. आत अडकलेल्या ओलीला बाहेर यायची वाट उरत नाही. शिवाय सिलिकॉनचा अंश जेलकोटवर राहतो आणि पुढे तिथे ना रंग धरत, ना इपॉक्सी, ना दुसरं सीलंट. न्हाणीघरासाठी ते उत्तम आहे, तिथेच राहू द्या.

पहिला तपास: पाणी खरंच त्या फिटिंगमधून येतंय का?

नवं काहीतरी बसवलं की संशय त्याच्यावरच जातो, पण निम्म्या वेळा ते निर्दोष निघतं. आधी टाकीच्या बुचाचं रबरी वायसर काढून बोटांत वाकवा. माळव्याच्या उन्हाळ्यात ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीचं रबर वाळून कडक होतं आणि वाकवलं की त्यावर भेगा दिसतात. असं वायसर चहाच्या भावात मिळतं, बदलून टाका.

मग टाकीचं गोल झाकण बघा. वर्तमानपत्राची पट्टी झाकणाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण घट्ट फिरवा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर त्या जागी रबर दाबलं जात नाहीये. झाकणाच्या घेरावर पाच-सहा ठिकाणी असं करून बघा.

तिसरी जागा म्हणजे तळाचा सेल्फ-बेलर (चालत्या होडीतलं पाणी बाहेर सोडणारी झडप) आणि सेंटरबोर्डची, म्हणजे होडीखाली पाण्यात उतरवायच्या उभ्या फळीची, पेटी. यांतून आलेलं पाणी टाकीत नाही, होडीच्या तळात दिसतं. ते टाकीत दिसलं तर तळ आणि टाकी यांच्यातला सांधा सुटला आहे. तो घरचा मामला नव्हे, खाली त्याबद्दल लिहिलं आहे.

दुसरा तपास: ट्रेलरचे पट्टे कुठे बांधता?

हा प्रश्न समुद्रकाठच्या माणसाला सुचायचा नाही, पण आपल्याकडे तो पहिल्या रांगेतला आहे. इंदूर ते भोपाळ एका बाजूने सुमारे 190 किलोमीटर. होडी वर्षभरात पाण्यापेक्षा रस्त्यावर जास्त धक्के खाते. आणि पट्टा अडकवायला हाताशी काय असतं? तेच नवंकोरं क्लीट. पाण्यात त्या क्लीटवर दोराचा ताण एका ठरलेल्या दिशेने येतो. ट्रेलरवर मात्र अख्ख्या होडीचं वजन उडी मारतं आणि पट्टा क्लीटला सरळ वर किंवा तिरपं उपटतो. ज्यासाठी ते बसवलेलंच नाही तो भार त्याच्यावर येतो.

पट्टा होडीवरून आडवा घ्या, डेकच्या कडेला जुन्या गादीचा तुकडा घाला आणि फिटिंगला हात लावू नका. डोलकाठी आडवी बांधताना तिची टोकं मोकळी राहिली तर ती वाटभर कशावर आपटते आहे तेही बघा. ज्यांचं फिटिंग दर फेरीनंतर ढिलं होतं त्यांनी आधी नुसतं एवढंच करून बघावं. एक पैसा लागत नाही आणि पुष्कळदा पुढचं काही करावं लागत नाही.

तिसरा तपास: हात आणि पाना

यासाठी दोघं लागतात. एकाने वरून फिटिंग धरून, दोर जिकडे ओढतो त्या दिशेने झटके द्यायचे. दुसऱ्याने आत टॉर्च धरून नट बघायचा. नट-वायसर वरच्याबरोबर हलत असतील तर अख्खं डेक लवतंय, म्हणजे खालून आधार नाही. वरचं हलतंय आणि खालचा नट जागचा हलत नाही, तर भोक मोठं झालंय किंवा नट ढिला आहे.

नट घट्ट करायला हरकत नाही, पण बोल्टचं डोकं वरून पेचकसाने स्थिर धरा आणि फक्त नट फिरवा. बोल्ट फिरला की आट्यांभोवती धरलेलं सीलंट पिळून तुटतं. पाव फेऱ्यात घट्ट झालं तर ठीक. पण प्रत्येक वेळी पाना लावला की थोडं फिरतंच असेल तर थांबा. तुम्ही नट घट्ट करत नाही आहात, डेकचा मधला मऊ गाभा चिरडत आहात.

नट साधा असेल तर तो बदलून नायलॉनची कडी असलेला घ्या, ज्याला आपण नायलॉक म्हणतो. रस्त्याच्या थरथरीत साधा नट टिकत नाही. नायलॉकमधून बोल्टचे निदान दोन आटे बाहेर आलेले दिसायला हवेत, नाहीतर नायलॉनने बोल्ट पकडलेलाच नसतो. आणि स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट ड्रिलने गरागरा फिरवू नका. आटे तापून एकमेकांना चिकटतात, नट ना पुढे जातो ना मागे येतो, आणि शेवटी बोल्ट कापावा लागतो. आट्यांना किंचित ग्रीस लावून हाताने, सावकाश फिरवा.

चौथा तपास: टकटक

पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने फिटिंगभोवती हलकेच ठोकत जा, लांबून जवळ या. निरोगी डेक टणटणीत, आखूड आवाज देतं. जिथे गाभा ओला झालाय किंवा थर सुटलाय तिथे आवाज बसका येतो, थप्प असा. आवाज जिथे बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करत जा आणि शेवटी खुणा जोडा. तयार झालेला आकार क्वचितच गोल असतो. पाणी डेकच्या उताराने सरकतं, म्हणून तो एका बाजूला लांब पसरलेला दिसतो.

हे कशासाठी? लहान होड्यांचं डेक बहुतेक वेळा सँडविच असतं: वर-खाली काचतंतूचा पातळ थर आणि मध्ये फोम, बाल्साचं लाकूड किंवा प्लायवूड. थर मजबूत असतात आणि मधला गाभा त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. डेकचा कडकपणा त्या अंतरातून येतो. गाभा कुजला की दोन पातळ थर सुटे उरतात आणि ते लवणारच. खुणांचा आकार तळहाताच्या आत बसत असेल तर घरी करण्याजोगं काम आहे. त्याहून मोठा असेल तर नाही.

पाचवा तपास: साबणाचं पाणी

चारही तपास होऊन वाट सापडली नाही तर टाकीत हवा भरून बुडबुडे शोधायचे. हा तपास फार उपयोगी आहे आणि याच्यात होडी फुटण्याचा धोकाही आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बुचाच्या भोकात रबरी बूच बसवून त्यातून दोन नळ्या आत घ्या. एका नळीतून हवा भरायची. दुसरी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधायची आणि तिच्यात रंगीत पाणी भरायचं. हवा भरली की यूच्या दोन बाजूंतल्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो. हा फरक 10 सेंटीमीटर झाला की थांबायचं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण 10 सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे टाकीच्या दर चौरस मीटर भिंतीवर 100 किलोचा भार. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने दर चौरस सेंटीमीटरला एकच किलो दाब दिला तरी तो चौरस मीटरला 10 टन होतो, आणि सांधा उलगडायला त्याहून कितीतरी कमी पुरेल. म्हणून तोंडाने फुंका, फार तर सायकलचा पंप हळूहळू दाबा. कॉम्प्रेसर नको म्हणजे नको.

हे काम सकाळी सावलीत करा. उन्हात आतली हवा तापून आपोआप फुगते आणि पातळी चढत राहते, मग तुम्हाला वाटतं की टाकी छान धरून आहे. दाब आला की भांड्याच्या साबणाचं किंवा रिठ्याचं फेसाळ पाणी ब्रशने फिटिंगभोवती, बोल्टच्या डोक्यांवर आणि डेकच्या सांध्यावर लावा. बारीक बुडबुड्यांची माळ निघते ती गळतीची जागा.

एक पेच मात्र असतो. बुडबुडे जिथे निघतात तिथूनच पाणी आत जातं असं नेहमी नसतं. हवा एका बोल्टजवळ गाभ्यात शिरते आणि हातभर लांबच्या दुसऱ्या स्क्रूपाशी बाहेर येते. म्हणून एका जागी बुडबुडे दिसले की त्यावर टेप लावा आणि पुन्हा दाब द्या. आता दुसऱ्या जागी फुटले तर दोन्ही जागा आतून जोडलेल्या आहेत आणि मधला गाभा ओला आहे असं समजा.

सहावा तपास: फिटिंग काढून भोक बघणं

आता हत्यारं लागतील. फिटिंग काढा आणि टॉर्च लावून भोकाच्या भिंतीकडे बघा. वरच्या आणि खालच्या थराच्या मध्ये उघडा फोम किंवा लाकूड दिसलं तर रोगाचं मूळ सापडलं. घरी बसवलेल्या फिटिंगमध्ये जवळजवळ नेहमी हेच असतं: ड्रिल सरळ आरपार घातलेलं, वरून सीलंट, आणि मधला गाभा उघडा. टाचणीने गाभा टोचा. कोरडा, कडक आणि फिका असेल तर वेळेत आलात. टाचणी लोण्यात जावी तशी गेली आणि काळपट तपकिरी चुरा निघाला तर कुजलाय.

काढलेला बोल्टही टाकू नका, पुसून बघा. डोकं चकचकीत, टोक चकचकीत आणि नेमका डेकमधून जाणारा भाग खड्ड्याखड्ड्यांचा, तपकिरी, असं असेल तर त्याला कारण आहे. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून, आणि तो थर टिकायला हवा लागते. ओल्या बंद भोकात हवा नाही, म्हणून बोल्ट नेमका तिथेच खाल्ला जातो.

बोल्टच्या खरेदीविषयी. इंदूरच्या सियागंज बाजारात मोजून नव्हे, वजनावर बोल्ट मिळतील. पण होडीसाठी मागितले की काउंटरवरचा मुलगा विचारणार, "भिया, कौन-सी गाड़ी में लगेगा?" आणि तुम्ही काहीही सांगितलंत तरी नुसतं "स्टील" म्हणून जे देईल ते बहुधा 202 जातीचं हलकं स्टेनलेस असेल. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण 202 लाही चुंबक चिकटत नाही आणि 304 लाही नाही. डोक्यावरची खूण वाचा: ए2 म्हणजे 304 च्या जातीचं, ए4 म्हणजे 316 च्या. तलावाच्या गोड्या पाण्याला ए2 चालतं. होडी कधी समुद्रावर न्यायची असेल तर ए4 च घ्या, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्याला जास्त तोंड देतं. खूणच नसेल तर तो बोल्ट भाराच्या जागी लावू नका.

फिटिंग स्क्रूने बसवलेलं निघालं तर प्रश्न तिथेच सुटला. स्क्रूचे आटे तीन-चार मिलिमीटरच्या वरच्या थरातच धरलेले असतात. दोराला नुसती दिशा देणाऱ्या हलक्या कडीला ते पुरे, पण क्लीट, कप्पी, पायपट्टा (बाहेर झुकताना पाय अडकवायचा) यांना नाही. तिथे आरपार बोल्टच हवा.

दुरुस्ती

भोक गाभ्यापासून तोडायचं, एवढंच काम आहे. 6 मिलिमीटरचा बोल्ट असेल तर वरचा थर आणि गाभा 12 मिलिमीटरचा करा आणि खालचा थर तसाच ठेवा. मग एक खिळा काटकोनात वाकवून, त्याचा आडवा भाग बोटाच्या पेरापेक्षा आखूड कापून ड्रिलमध्ये धरा आणि भोकात उतरवून हळू फिरवा. वाकडं टोक थरांच्या मधला गाभा चारी बाजूंनी खरवडून काढतं, थरांना धक्का लागत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. काचेची धूळ खोकल्याने जात नाही.

भोक पूर्ण वाळू द्या. या कामात आपला एप्रिल-मे वरदान आहे. ताडपत्री काढून होडी उन्हात ठेवा, पंखा लावा, घाई करू नका. ओल्या गाभ्यावर ओतलेलं इपॉक्सी ओल आत कोंडून ठेवतं.

खालचं भोक टेपने बंद करून आधी पातळ इपॉक्सी आत फिरवा, गाभ्याला पिऊ द्या. मग त्याच इपॉक्सीत कोलॉइडल सिलिकाची बारीक भुकटी मिसळून दाट करा आणि औषधाच्या दुकानातल्या सुई नसलेल्या सिरिंजने तळापासून वर भरत या, म्हणजे हवा अडकत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी नको, ते ओलीत टिकत नाही. सावकाश घट्ट होणारं घ्या. भरायची वेळ संध्याकाळची. दिवस चढत असताना भरलंत तर गाभ्यातली हवा तापून फुगते आणि इपॉक्सीतून बुडबुडे काढते. तापमान 10 अंशांनी वाढलं की मिश्रण हातात टिकायचा वेळ साधारण निम्मा होतो. 20 अंशांना अर्धा तास टिकणारं मिश्रण 40 अंशांना सात-आठ मिनिटांत हातचं जातं. थोडं थोडं कालवा आणि उथळ ताटलीत पसरून ठेवा. पेल्यात गठ्ठ्याने ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं.

आपल्याकडचे फायबरवाले टाक्या आणि कूलरच्या कामाला पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते स्वस्त आहे, पण जुन्या वाळलेल्या फायबरवर इपॉक्सीइतकं धरत नाही, आणि इपॉक्सीवर ओतलं तर नीट सुकत नाही. तरी वापरायचं असेल तर एक लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं घालायचं. मुलांना लांब ठेवा.

इपॉक्सी पक्कं झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. जेलकोटवर आधी टेप लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे कड उडत नाही. मग काउंटरसिंक बिटने भोकाच्या वरच्या तोंडाला किंचित उतार द्या. या उतारात सीलंट साठून बोल्टभोवती रबरी कडीसारखं बसतं. उतार नसेल तर घट्ट करताना सगळं सीलंट बाहेर पिळून जातं आणि धातूखाली कागदाएवढा थर उरतो.

आता खालचा आधार. पाच-सहा मिलिमीटर जाडीची फायबरची पाटी किंवा तीनेक मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पाटी, फिटिंगपेक्षा चारी बाजूंनी मोठी आणि कोपरे गोल केलेली. साध्या प्लायवूडचा तुकडा नको, तो ओल पितो. जागा अडचणीची असेल तर निदान मोठ्या घेराचे वायसर घाला. पाटी किती मोठी हवी हे दोर कसा वळतो त्यावर ठरतं. कप्पीतून दोर पूर्ण उलटा फिरून येत असेल तर कप्पीवर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळला तर सुमारे 1.4 पट, आणि 60 अंशांतच वळला तर ताणाइतकाच. म्हणजे हातात 40 किलोचा ताण असताना उलट फिरवणाऱ्या कप्पीचे बोल्ट 80 किलो सोसत असतात. भार डेकला समांतर असेल तर बोल्ट त्यातल्या त्यात सुखी. तो वर उपटत असेल तर सगळा जोर खालच्या पाटीवर येतो, आणि तिथे कंजुषी करायची नाही.

सीलंट कुठलं? माझं मत करड्या बुटाइल पट्टीच्या बाजूने आहे. ती कधी पूर्ण घट्ट होत नाही, फिटिंग पुन्हा काढता येतं, आणि लवणाऱ्या डेकसोबत ती ताणली जाते. पत्र्याच्या छपरांच्या कामात ती वापरतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी घ्या, वर चांदीसारखा कागद असलेली नको. बोल्टच्या डोक्याखाली तिची वळी करून गुंडाळा, नट थोडा घट्ट करा आणि थांबा. बाहेर आलेली कापून टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा घट्ट करा. उन्हाळ्यात ती मऊ होऊन आणखी बाहेर येते, थंडीत दमाने घ्यावं लागतं. पॉलियुरेथेन सीलंटही चांगलं, पण ते हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं आणि मे महिन्यात आपल्या हवेत ओलावा शोधून सापडत नाही. त्या दिवसांत ताडपत्रीखाली ओलं पोतं टांगून ठेवा आणि डबीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त दिवस द्या. पॉलिसल्फाइड सीलंट प्लास्टिकच्या झाकणांना आणि खिडक्यांना लावू नका, काही प्लास्टिक त्याने खराब होतं.

डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, म्हणून तिच्यावर स्टेनलेसचं काहीही बसवताना दोन धातूंच्या मध्ये विजेला अडवणारी पेस्ट किंवा निदान नायलॉनचा पातळ तुकडा घाला. नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन भोकाभोवती पांढरी भुकटी धरते.

घासकाम, ॲसिटोन, इपॉक्सी हे सगळं घरी करा, तलावाच्या काठावर नाही. बडा तलाव भोज पाणथळ क्षेत्राचा भाग आहे, 2002 पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, आणि भोपाळच्या बऱ्याच घरांत त्याचंच पाणी प्यायला जातं.

इथे थांबा

टकटकीत बसक्या आवाजाची जागा तळहातापेक्षा मोठी निघाली तर थांबा. तिथे वरचा थर कापून गाभा बदलावा लागतो, आणि ते करताना होडीचा आकार बिघडू न देणं हे कारागिराचं काम आहे. डोलकाठीचा पाया, तिला बाजूने धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या आणि सुकाणूच्या बिजागऱ्या यांच्यापैकी काही हलत असेल तर थांबा. हे वाऱ्यात तुटलं तर डोलकाठी माणसावर पडते किंवा होडी वळवता येत नाही. हवाबंद टाकीचा सांधा सुटला असेल तर थांबा, आणि तो भरेपर्यंत होडी पाण्यात नेऊ नका, तलाव कितीही शांत दिसला तरी. बोल्टभोवती इपॉक्सी भरूनही पुढच्या वेळी तेच पाणी आलं तरीही थांबा. तुम्ही चुकीच्या भोकावर काम करत आहात किंवा पाणी आतून वेगळ्याच वाटेने फिरतंय.

होडी शर्यतीत उतरवायची असेल तर नवं भोक पाडण्याआधी तिच्या वर्गाचे नियम वाचा. काही वर्गांत फिटिंगची जागा आणि प्रकार ठरलेले असतात.

कारागीर भोपाळला शिडाची नौकानयन शिकवणाऱ्या संस्थांत चौकशी केल्यावर सापडेल. मोठं काम असेल तर मुंबई किंवा गोव्याचे बोटयार्ड. त्याच्याकडे नेताना जाता जाता सीलंट लावून नेऊ नका. भोकं उघडी आणि कोरडी ठेवा, पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, काढलेले बोल्ट कुठल्या भोकातले ते लिहून पिशवीत घाला, आणि साबणाच्या तपासात बुडबुडे कुठे कुठे निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो, आणि तो वेळ तुमच्याच बिलात लागणार असतो.